दीड मिनिटानंतरचं गाणं

जपानमध्ये टीव्हीवरच्या अ‍ॅनिमे मालिकेचा एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा असतो. त्यात सुरुवातीला दीड मिनिट आणि शेवटी दीड मिनिट गाण्यासाठी राखून ठेवलेलं असतं. हा हिशेब इतका काटेकोर असतो की शीर्षकगीत म्हणून निवडलेलं गाणं मुळात चार मिनिटांचं असो की पाच, ते सहसा 89 सेकंदांत बसेल असं कापून द्यावं लागतं. एक कडवं, त्याला ध्रुवपदाकडे नेणाऱ्या दोन-तीन ओळी, ध्रुवपद आणि शेवटचा ठोका. मालिकेचं नाव पडद्यावर कधी झळकणार, नायक कधी धावत सुटणार, हे त्या ठोक्यांवर बेततात. माझ्या आगेमागे वाढलेल्या जपानबाहेरच्या बहुतेकांना जपानी रॉक पहिल्यांदा भेटला तो या दीड मिनिटात.

या दीड मिनिटाबद्दल मला आदर आहे. तरीही इथे लिहायचं आहे ते त्यानंतरच्या अडीच-तीन मिनिटांबद्दल, आणि एका बँडने त्यापुढच्या वर्षांत जे काम केलं त्याबद्दल. बँडचं नाव एशियन कुंग-फू जनरेशन. एवढं लांबलचक नाव जपानमध्ये कुणी घेत बसत नाही. सगळे ‘अजिकान’ म्हणतात.

योकोहामाच्या दक्षिणेला कानाझावा-हाक्केई नावाचा समुद्राकाठचा भाग आहे. तिथल्या कांतो गाकुइन विद्यापीठाच्या संगीत मंडळात 1996 साली हा बँड जमला. मासाफुमी गोतो गातो, गिटार वाजवतो आणि बहुतेक गाणी लिहितो. दुसरी गिटार केन्सुके किताकडे, बास ताकाहिरो यामादाकडे, ड्रम कियोशी इजिचीकडे. तीन दशकं होत आली, तरी हेच चौघं एकत्र वाजवत आहेत. बँडच्या दुनियेत माणसं फार लवकर पांगतात, त्यामुळे ही गोष्ट मला छोटी वाटत नाही.

पदवी मिळाल्यावर लगेच यश आलं असं झालं नाही. नोकऱ्या सांभाळून सराव करायचा आणि मिळेल त्या ‘लाइव्ह हाउस’मध्ये वाजवायचं, अशी काही वर्षं गेली. मी नोकरीनिमित्त योकोहामात राहत असताना अशा लाइव्ह हाउसमध्ये पुष्कळदा जायचे. बहुतेक जागा तळघरात असतात. अरुंद जिना उतरून जायचं. भिंतींवर जुन्या कार्यक्रमांच्या कागदांचे थर चढलेले असतात. शंभर-दीडशे माणसं उभी राहिली की जागा भरते. दाराशी तिकिटाचे पैसे घेतात, पेयाचे वेगळे घेतात, आणि मग विचारतात, “आज कुणाला ऐकायला आलात?” तुम्ही नाव सांगितलंत की त्या बँडच्या नावापुढे एक रेघ ओढली जाते. एका संध्याकाळी चार-पाच बँड वाजवतात. प्रत्येकाने ठरलेली तिकिटं खपवायची असतात. नाही खपली तर फरक स्वतःच्या खिशातून भरायचा. याला ‘नोरुमा’ म्हणतात. म्हणजे नवख्या बँडला रंगमंचावर उभं राहण्यासाठी पैसे मिळत नाहीत, बरेचदा द्यावे लागतात. अजिकानसारखे बँड या व्यवस्थेतून वर आले आहेत. त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांत जी घाई आहे, जो घसा फाडून काढलेला आवाज आहे, तो तळघरातला आहे. वीस-पंचवीस मिनिटं मिळणार आणि समोर उभ्या असलेल्यांतले निम्मे दुसऱ्याच कुणासाठी आलेले, अशा जागी ही गाणी घडली.

2002च्या अखेरीस त्यांनी एका छोट्या स्वतंत्र लेबलवर सहा गाण्यांचा अल्बम काढला. त्यात ‘हारुका कानाता’ हे गाणं होतं. पुढच्याच वर्षी सोनी म्युझिकच्या ‘किऊन’ लेबलने त्यांना घेतलं, आणि 2003च्या एप्रिलमध्ये ‘हारुका कानाता’ हे ‘नारुतो’ या निंजांच्या अ‍ॅनिमे मालिकेचं दुसरं शीर्षकगीत झालं. गाणं मालिकेसाठी केलेलं नव्हतं, मालिकेने ते नंतर घेतलं. मला हे महत्त्वाचं वाटतं, आणि का ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे मालिकेचं शीर्षकगीत मालिकेसाठीच बेतलेलं असतं. अशोक पत्कींनी ‘आभाळमाया’ला किंवा ‘वादळवाट’ला चाल दिली ती त्या कथेचा भाव मनात धरून. जपानमध्येही पूर्वी तसंच होतं. 1972च्या ‘माझिंगर झेड’चं गाणं इचिरो मिझुकीने गायलं, त्यात त्या यंत्रमानवाच्या नावाचा जयघोष आहे, त्याच्या पराक्रमाचं वर्णन आहे. मुलांसाठीचं गाणं, मुलांच्या कार्यक्रमाचं. ऐंशीच्या दशकात हे बदलत गेलं. रेकॉर्ड कंपन्यांना उमगलं की दर आठवड्याला ठरलेल्या वेळी लाखो घरांत आपलं गाणं वाजणार असेल, तर त्याहून चांगली जाहिरात मिळणार नाही. मालिका काढणाऱ्यांनाही कळलं की लोकप्रिय गायक मिळाला तर थोड्या मोठ्या वयाचा प्रेक्षक येतो. 1987च्या ‘सिटी हंटर’मधलं टीएम नेटवर्कचं ‘गेट वाइल्ड’ हे या बदलाचं ठळक उदाहरण. यालाच जपानमध्ये ‘टाय-अप’ म्हणतात. अजिकानचं ‘रीराइट’ पुढे ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या मालिकेचं शीर्षकगीत झालं; तिच्या निर्मात्यांपैकी एक असलेली आनिप्लेक्स ही सोनी म्युझिकचीच कंपनी आणि किऊन हे सोनीचंच लेबल, तेव्हा अजिकानचं गाणं त्या मालिकेत कसं पोचलं याचं गूढ वाटायला नको.

हा शुद्ध व्यापार आहे आणि तो लपवण्याचं कारण नाही. पण या व्यापारातून एक फार चांगली गोष्ट घडली. गाण्याच्या डोक्यावरून कथेचं ओझं उतरलं. गाण्याने नायकाची ओळख करून द्यायची नाही, खलनायकाला आव्हान द्यायचं नाही. त्याने स्वतःपुरतं खरं असावं, एवढंच. कथा आणि गाणं दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात आणि एकाच पडद्यावर भेटतात. कधी ती भेट जमत नाही. जमली की मात्र दोन्हींना एकमेकांकडून असं काही मिळतं जे मागून घेता आलं नसतं.

‘हारुका कानाता’ ऐका. आधी यामादाचा बास एकटा सुरू होतो, तुटत तुटत धावणारा, मग गिटारी त्याच्यावर कोसळतात. गाण्यात निंजा नाही, गाव नाही, कोल्हा नाही. रात्रीतून वेगात पुढे निघालेला कुणी तरुण आहे, कुठे जायचंय ते त्याला नीट ठाऊक नाही, आणि थांबायची मात्र त्याला भीती आहे. आता मालिकेत नारुतोकडे पाहा. आईबाप नाहीत, गावाने वाळीत टाकलेलं, आणि आपण कुणीतरी आहोत हे सतत ओरडून सांगणारा पोरगा. गोतोचा आवाज सुंदर नाही. वरच्या सुरांत तो चिरकतो, ताणला जातो. तेच इथे उपयोगी पडलं. घोटवलेल्या गळ्याच्या गायकाने हे गाणं गायलं असतं तर त्या पोराचा हट्ट त्यात उतरला नसता.

‘रीराइट’ची कथा निराळी. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही 2003ची बोन्स स्टुडिओची मालिका एकूण 51 भागांची. तिला चार शीर्षकगीतं लाभली: पोर्नो ग्राफिती, लार्क-आँ-सिएल, कूल जोक आणि शेवटी अजिकान. म्हणजे ‘रीराइट’ वाजलं ते फक्त शेवटच्या दहा भागांत, 2004च्या उन्हाळ्यापासून. मेलेल्या आईला परत आणण्यासाठी निषिद्ध किमया करून बसलेले दोन भाऊ. मोठ्याचा हात आणि पाय गेला, धाकट्याचं सगळं शरीरच गेलं. 41 भाग पाहून झालेल्या प्रेक्षकाला तोवर ठाऊक झालेलं असतं की झालेलं पुसता येत नाही. अशा वेळी हे गाणं येतं. त्यातला माणूस मनात साचलेलं बाहेर काढण्यासाठी धडपडतोय, कारण त्याशिवाय आपण आहोत हेच त्याला पटत नाही. आणि मग खोडून पुन्हा लिहिण्याची ती मागणी, जवळजवळ किंचाळून केलेली. दोन भावांचा गाण्यात उल्लेखही नाही, पण त्यांच्या सगळ्या चुकीचं वजन त्या एका आरोळीवर येऊन पडतं. चारही शीर्षकगीतं चांगली आहेत. मालिकेचा शेवट आठवला की मला आठवतं ते मात्र हेच.

आता मी पुण्यात जपानी शिकवते. एकेकाळी जपानी शिकायला येणारी मुलं बहुतेक करून आयटीतल्या नोकरीसाठी यायची. आजही येतात, पण आता वर्गातल्या कित्येकांना या भाषेची पहिली गोडी अ‍ॅनिमेने लावलेली असते. अजून हिरागाना अक्षरं गिरवत असलेला एक मुलगा एकदा वर्ग सुटल्यावर ‘रीराइट’ म्हणत होता. बाकावर पेनाने ठेका, उच्चार जवळपास निर्दोष, गोतो जिथे श्वास तोडतो तिथेच श्वास तोडलेला. ध्रुवपद संपलं आणि तो थांबला. मी पुढची ओळ उचलली. त्याने चमकून पाहिलं. “सेन्सेई, याच्यापुढे पण आहे?”

त्याच्यापुढे पुष्कळ आहे. ध्रुवपदाचा आवेग ओसरल्यावर गाणं दुसऱ्या कडव्यात परत येतं आणि पहिल्या कडव्यातली तक्रार अधिक खाजगी, अधिक हताश होते. मग वाद्यांचा एक पट्टा येतो, जिथे किताची गिटार शब्दांविना तोच झगडा चालू ठेवते. त्यानंतर जेव्हा ध्रुवपद येतं तेव्हा ते पहिल्यासारखं राहिलेलं नसतं. शब्द तेच, पण पहिल्यांदा ज्यात जोश ऐकू आला त्यात आता गरज ऐकू येते. टीव्हीवरच्या कापलेल्या गाण्यात ध्रुवपद हा मुक्काम असतो. पूर्ण गाण्यात तो प्रश्न असतो आणि बँड त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येत राहतो. मैफलीत तर ते हे गाणं मध्येच उघडं करतात. लय संथ होते, बास आणि ड्रम डब संगीतासारखे सैल पडतात, गोतो लोकांशी बोलतो, त्यांच्याकडून ओळी म्हणवून घेतो, आणि सगळं सभागृह सैलावलं असं वाटेपर्यंत वाट पाहून पुन्हा मूळ वेगावर झेप घेतो. हे दीड मिनिटात मावणारं नाही.

त्या मुलाला मी ‘सोल्फा’ हा अख्खा अल्बम ऐकायला सांगितला. ऑक्टोबर 2004मध्ये आलेला हा अल्बम जपानच्या ऑरिकॉन यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘रीराइट’ त्यातलंच. पण माझ्या मते त्या अल्बमचा कणा ‘री:री:’ हे गाणं आहे. तेव्हा त्याला ना कुठली मालिका होती, ना ते स्वतंत्र सिंगल म्हणून आलं होतं. अल्बमच्या मध्याच्या पुढे कुठेतरी असलेलं एक गाणं, पण ऐकणाऱ्यांनी ते उचलून धरलं. मैफलीत त्याची सुरुवात हळूहळू लांबत गेली: दोन गिटारी एकमेकींवर चढत जातात, ड्रम मागून येतात, आणि शब्द सुरू होईपर्यंत लोक उड्या मारायला लागलेले असतात. बारा वर्षांनी, 2016च्या जानेवारीत, ‘बोकु दाके गा इनाई माची’ या मालिकेने हेच गाणं शीर्षकगीत म्हणून घेतलं. मालिकेचा नायक 2006 सालातून मागे फेकला जातो आणि 1988च्या होक्काइदोतल्या आपल्या शाळकरी दिवसांत जाऊन पडतो. एका वर्गमैत्रिणीचा खून होणार आहे आणि तो त्याला थांबवायचा आहे. अशा कथेला बारा वर्षांपूर्वीचं गाणं लावणं ही नुसती सोयीची निवड नव्हती. बँडने ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं, मैफलीत वाढत गेलेल्या त्या लांब सुरुवातीसकट.

त्याच वर्षी, बँडला 20 वर्षं झाली म्हणून, त्यांनी ‘सोल्फा’ अख्खाच पुन्हा वाजवून काढला. असं करणं धोक्याचं असतं. लोकांच्या आठवणीत पक्क्या बसलेल्या गाण्याला हात लावला की नाराजी ओढवते. मी दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकल्या आहेत आणि माझं मत सरळ आहे. ‘री:री:’ नव्या आवृत्तीत अधिक चांगलं आहे. त्याला चाळिशीला आलेल्या माणसाचा आवाज शोभतो, कारण ते गाणंच गेलेल्या गोष्टींकडे वळून पाहणारं आहे. ‘रीराइट’ मात्र 2004चंच. नव्यात वादन जास्त नेटकं आहे, आवाज मोठा आणि मोकळा आहे, पण जुन्यातली ती कोंडी त्यात नाही. आणि त्या गाण्याला कोंडी हवी.

अजिकानच्या कामाला अ‍ॅनिमेपेक्षा एक व्यापक शेजार आहे आणि तो पाहिला की हा बँड जास्त कळतो. त्यांच्या अल्बमांची मुखपृष्ठं सुरुवातीपासून युसुके नाकामुरा काढतो. त्याच्या चित्रांतल्या मुली बारीक रेषांच्या, बाजूने पाहणाऱ्या, जुन्या जपानी छापचित्रांची आठवण करून देणाऱ्या. 2010मध्ये मासाआकी युआसाने तोमिहिको मोरिमीच्या क्योतोतल्या कादंबरीवर ‘योजोहान शिन्वा ताइकेई’ ही मालिका केली, तेव्हा पात्रांची मूळ रेखाटनं नाकामुराची होती आणि शीर्षकगीत अजिकानचं. कॉलेजची वर्षं कशी घालवायला हवी होती, या एकाच प्रश्नाभोवती तीच ती वर्षं पुन्हा पुन्हा जगणारा विद्यार्थी, असा तिचा विषय. त्याच वर्षी इनिओ आसानोच्या ‘सोरानिन’ या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, चित्रपट आला. त्यात कचेरीतली नोकरी सोडलेली मेइको आहे आणि बँडचं स्वप्न अर्धवट सोडलेला तिचा जोडीदार तानेदा. तानेदा अपघातात जातो आणि मेइको त्याची गिटार उचलून त्याने लिहिलेलं गाणं गायला शिकते. मांगाच्या पानांवर त्या गाण्याचे फक्त शब्द होते, आसानोने लिहिलेले. चित्रपटासाठी त्याला चाल हवी होती आणि ती अजिकानने दिली. जे बँड पदवीनंतर विरघळून गेले, त्या सगळ्यांचं हे गाणं आहे, आणि न विरघळलेल्या बँडने ते बांधलं. माझ्या वर्गातल्या पंचविशीच्या मुलांना मी हा चित्रपट आवर्जून सुचवते.

मिळालेल्या प्रसिद्धीचं त्यांनी काय केलं, हेही पाहायला हवं. 2003पासून त्यांनी ‘नानो-मुगेन’ नावाचा स्वतःचा महोत्सव भरवायला सुरुवात केली. पुढे तो योकोहामा अरिनात होऊ लागला आणि जपानी बँडांबरोबर परदेशी बँड तिथे येऊ लागले. ज्या बँडची गाणी ऐकत आपण शिकलो, त्यांना आपल्या गावी बोलवायचं आणि आपल्या श्रोत्यांपुढे उभं करायचं. 2011च्या जुलैमध्ये वीझर हा अमेरिकन बँड त्या महोत्सवात वाजवायला आला. अजिकानच्या गिटारींवर वीझरचा ठसा किती आहे हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. पुढे 2018च्या ‘होमटाउन’ अल्बममधल्या गीतरचनेत वीझरच्या रिव्हर्स कुओमोचाही हात लागला.

2011चा तो जुलै साधा नव्हता. मार्चमध्ये तोहोकूचा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाचा अणुअपघात झाला होता. त्या वर्षी गोतोने ‘द फ्यूचर टाइम्स’ नावाचं वृत्तपत्र सुरू केलं. छापील, फुकट वाटायचं, संपादक तो स्वतः. ऊर्जा कुठून येते, उद्ध्वस्त गावांत माणसं परत कशी उभी राहतात, असे त्याचे विषय. पुढच्या वर्षी र्‍यूइची साकामोतो या संगीतकाराच्या पुढाकाराने ‘नो न्यूक्स’ ही संगीतसभा भरली, तिथेही अजिकान वाजवायला उभे राहिले. जपानमध्ये लोकप्रिय गायकाने अशा विषयांवर तोंड उघडणं लोकांना फारसं रुचत नाही. गाणाऱ्याने गावं, अशी अपेक्षा असते. गोतोच्या सगळ्या मतांशी मी सहमत आहे असं नाही. पण लोकांच्या घरात दीड मिनिट शिरण्याची संधी ज्याला मिळाली, त्याने त्या ओळखीवर फक्त आणखी गाणी विकली नाहीत, याचं मोल मला मोठं वाटतं.

पुढच्या पिढीने त्यांचं ऋण फार गोड रीतीने मान्य केलं. अकी हामाजीच्या ‘बोच्ची द रॉक!’ या मांगात चार मुलींचा एक बँड आहे. त्या मुलींची आडनावं गोतो, किता, यामादा आणि इजिची. 2022 साली त्यावर अ‍ॅनिमे मालिका आली आणि तुफान चालली. तिची नायिका हितोरी गोतो माणसांना घाबरते, अंधाऱ्या कपाटात बसून गिटार वाजवते आणि शिमोकिताझावातल्या एका तळघरातल्या लाइव्ह हाउसमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहते. नोरुमाची तिकिटं खपवण्याची धडपडसुद्धा त्यात आहे. भागांची नावं अजिकानच्या गाण्यांवरून बेतलेली, आणि शेवटच्या भागाच्या शेवटी अजिकानचंच 2008चं ‘कोरोगारु इवा, किमी नि आसा गा फुरु’ हे गाणं हितोरीच्या आवाजात येतं. ते गाणं काही कुठल्या अ‍ॅनिमेचं शीर्षकगीत म्हणून गाजलेलं नव्हतं.  मालिका करणाऱ्यांनी नेमकं तेच निवडलं.

आता माझ्या सर्वांत आवडत्या कामाबद्दल. फुजिसावा ते कामाकुरा अशी एनोदेन नावाची एक छोटी रेल्वे आहे. लांबी 10 किलोमीटर, स्थानकं 15, बहुतेक ठिकाणी एकच रूळ. समोरची गाडी येईपर्यंत ठरावीक जागी थांबायचं. तिचा पहिला टप्पा 1902मध्ये सुरू झाला. हिरव्या-पिवळसर रंगाचे डबे घरांच्या मागच्या अंगणांतून इतक्या जवळून जातात की वाळत घातलेले कपडे खिडकीतून हाताला लागतील असं वाटतं. एनोशिमा ते कोशिगोए या पट्ट्यात गाडी चक्क रस्त्याच्या मधोमध, मोटारींच्या बरोबरीने चालते. कोशिगोएचा फलाट इतका आखूड आहे की चार डब्यांची गाडी त्यात मावत नाही आणि टोकाच्या डब्याचे दरवाजे उघडतच नाहीत. उतरायचं असेल तर आधीच शेजारच्या डब्यात सरकावं लागतं. कोशिगोए सोडलं की एक वळण येतं आणि एकदम समोर समुद्र. त्यापुढचं कामाकुराकोको-माए हे स्थानक ‘स्लॅम डंक’ या अ‍ॅनिमे मालिकेच्या चाहत्यांचं तीर्थ झालेलं आहे. मालिकेच्या सुरुवातीला दिसणाऱ्या तिथल्या रेल्वे फाटकापाशी जगभरची तरुण मुलं फोटोसाठी ताटकळत उभी असतात.

2008मध्ये अजिकानने या रेल्वेवर ‘सर्फ बुनगाकु कामाकुरा’ हा अल्बम काढला. दहा गाणी, प्रत्येकाच्या नावात एनोदेन मार्गावरचं एक ठिकाण, आणि क्रम फुजिसावापासून कामाकुराकडे. कुठल्याही मालिकेसाठी नाही, कुठल्याही नायकासाठी नाही. पहिल्या गाण्यात, ‘फुजिसावा लूझर’मध्ये, रोजच्या गाडीचा प्रवासी आहे, कामाला जाण्याचा कंटाळा आलेला. पुढे कुगेनुमाच्या लाटा आहेत, एनोशिमा बेटावर टेकडी चढवून नेणारा पैसे देऊन वापरायचा सरकता जिना आहे, कोशिगोएचं रडू आहे, गोकुराकुजीचा प्रेमभंग आहे. सुरावटी साध्या, गिटारी मोकळ्या, गाणी छोटी. ‘रीराइट’मधला घुसमटलेला तरुण इथे खिडकीत बसून बाहेर बघतो आहे. मी योकोहामात असताना सुटीच्या दिवशी याच गाडीत हा अल्बम ऐकत जायचे आणि एक गोष्ट लक्षात येत गेली: जे चार जण जगभरच्या मुलांना निंजा आणि किमयागारांच्या कथांमधून माहीत आहेत, त्यांनी आपलं सगळ्यात सुखाचं काम केलं ते घराजवळच्या दहा किलोमीटरच्या रुळांवर.

पाच स्थानकं तेव्हा राहून गेली होती. पंधरा वर्षं ती तशीच राहिली. जुलै 2023मध्ये बँडने उरलेल्या पाचांवर गाणी केली आणि संपूर्ण आवृत्ती काढली. इशिगामी आलं, यानागिकोजी आलं, वादाझुका आलं. आता 15 स्थानकं आणि 15 गाणी. मुंबईच्या लोकलमध्ये आयुष्य काढणाऱ्या वाचकाला या गोष्टीचं अप्रूप मी समजावून सांगण्याची गरज नाही. राहिलेली स्थानकं राहू दिली असती तरी कुणी विचारलं नसतं. बँडला ती राहू द्यायची नव्हती.

जे अजून ‘हारुका कानाता’ आणि ‘रीराइट’पाशीच आहेत त्यांना माझं सांगणं आहे. आधी ती दोन गाणी पूर्ण ऐका, मग ‘सोल्फा’च्या दोन्ही आवृत्त्या ऐका आणि कोणती जवळची वाटते ते स्वतः ठरवा. ‘सोरानिन’ चित्रपट पाहा. आणि ‘सर्फ बुनगाकु कामाकुरा’ ऐकाल तेव्हा 2023ची संपूर्ण आवृत्ती घ्या, फुजिसावापासून सुरुवात करा, आणि गाण्यांचा क्रम बदलू नका.